मुसीकाठचे न दिसणारे काम : विश्वेश्वरय्या आणि हैदराबादची भुयारी गटारे

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिनाचे निरोप आपल्या मंडळाच्या ग्रुपवर फिरू लागतात. म्हैसुरी फेटा आणि नीटनेटका कोट घातलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, मागे कृष्णराजसागर धरणाची भिंत आणि खाली अभिवादनाच्या दोन ओळी. चित्र बरोबरच आहे. पण आम्हा हैदराबादच्या मराठी मंडळींना या माणसाची आठवण ठेवायला आणखी एक कारण आहे, आणि ते कुठल्याच चित्रात येत नाही, कारण ते जमिनीखाली आहे. शहराच्या जुन्या भागातल्या मोऱ्यांचे आणि संडासांचे पाणी मुसी नदीच्या दोन्ही काठांनी, गटारांतून अंबरपेठकडे नेण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिच्यामागची मूळ योजना विश्वेश्वरय्यांची होती. धरण बांधणारे विश्वेश्वरय्या सगळ्यांना ठाऊक आहेत. सांडपाण्याला वाट करून देणारे विश्वेश्वरय्या फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. म्हणून यंदा त्यांचे चरित्र आम्ही त्या बाजूने सांगायचे ठरवले.

बालपण आणि पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या चिक्कबल्लापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. जन्मतारीख १५ सप्टेंबर. साल कुठे १८६० तर कुठे १८६१ दिलेले आढळते. घराणे तेलुगू बोलणारे, मूळ गाव मोक्षगुंडम, जे आज आंध्र प्रदेशात येते. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते, पण घरात पैसा नव्हता. विश्वेश्वरय्या लहान असतानाच वडील गेले. पुढे बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना त्यांनी मुलांच्या शिकवण्या घेऊन आपला खर्च भागवला आणि १८८१ साली बी.ए. केले.

यानंतर त्यांच्या आयुष्याला मराठी मुलखाचे वळण लागले. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकायला आले. आज सी.ओ.ई.पी. म्हणून आपण ओळखतो तेच हे कॉलेज. १८८३ साली एल.सी.ई.च्या परीक्षेत ते पहिले आले, जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नेमणूक झाली. पहिली जागा नाशिक. तिथून पुढची चोवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्यात काढली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुण्यातल्या डेक्कन क्लबच्या उभारणीतही त्यांचा हात होता. म्हैसूरचा हा माणूस घडला तो बराचसा महाराष्ट्रात, असे म्हणायला हरकत नाही.

पाण्याशी पहिली झटापट

नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांना खानदेशात धुळ्याजवळ पाठवण्यात आले. पांझरा नदीच्या खोऱ्यात पाइपांचा सायफन बसवायचा होता, म्हणजे कालव्याचे पाणी पात्राखालून पलीकडे न्यायचे होते. पावसाळ्याचे दिवस. नदीला पूर येई आणि केलेल्या कामावर वाळू येऊन बसे. नव्या अभियंत्याने ते काम तरीही तडीस नेले. वाहते पाणी आपल्याबरोबर काय काय आणते आणि वेग मंदावला की ते सगळे कुठे टाकून देते, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच डोळ्यांनी पाहिले. पुढे गटारांच्या कामात हाच प्रश्न पुन्हा समोर येणार होता.

१८९४ च्या सुमारास ते सिंधमधल्या सक्करला गेले. सिंधू नदी दारात असूनही लोकांना गढूळ पाणी प्यावे लागे. गाळणीचे मोठे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूतून झिरपताना पाणी आपोआप गाळले जाई आणि मग ते पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवले जाई. नदीची वाळू हीच गाळणी, आणि पंपाने फक्त उचलण्याचे काम करायचे. जे काम निसर्ग फुकट करतो ते त्याच्याकडून करून घ्यावे, उरलेल्यासाठीच यंत्र लावावे, ही त्यांची रीत इथे स्पष्ट दिसते.

त्यानंतर सुरत आणि पुन्हा पुणे. नीरा कालव्यावर पाळीपाळीने पाणी देण्याची ब्लॉक पद्धत त्यांनी आणली. खडकवासल्याच्या धरणाच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की हे दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत, त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता तलावात जास्त पाणी साठवता येऊ लागले. पुढे असे दरवाजे ग्वाल्हेरच्या तिघ्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही बसले.

१९०४ साली ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. इलाख्यातल्या शहरांचा पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचा निचरा पाहणे हे आता त्यांचे रोजचे काम झाले. १९०६ साली याच कामासाठी त्यांना एडनला पाठवण्यात आले. दोन-तीन वर्षांनी हैदराबादने बोलावले, तेव्हा नदी, धरण, नळ आणि गटार या चारही गोष्टी एकत्र पाहण्याची सवय त्यांना आधीच जडलेली होती.

२८ सप्टेंबर १९०८

विश्वेश्वरय्यांनी १९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडली. मुख्य अभियंत्याच्या खुर्चीवर त्या काळी भारतीय माणूस बसणे कठीणच होते. ते युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले आणि इकडे मुसी नदीने हैदराबादची वाताहत केली.

आपल्या जुन्या घराण्यांत या पुराच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. केशवराव कोरटकर आदींनी विवेक वर्धिनी शाळा सुरू करून जेमतेम एक वर्ष झाले होते. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस असा कोसळला की शमशाबादच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत १२.८ इंच नोंद झाली. शहराच्या वरच्या अंगाला मुसीच्या खोऱ्यात लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. २८ सप्टेंबरला हे सगळे पाणी शहरात घुसले. अफझल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे पूल निकामी झाले. दोन काठांना जोडणारा एकटा पुराना पूल राहिला. सुमारे पंधरा हजार माणसे गेल्याचे सांगतात. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड आजही उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात उभे आहे.

निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना तारेने गाठले तेव्हा ते इटलीत होते. त्यांनी ठरलेला दौरा पुरा करण्याची मुभा मागितली, सरकारने ती दिली आणि एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. त्यांच्यापुढे कामे तीन होती : शहर पुन्हा उभारण्यासाठी सल्ला देणे, पूर परत येऊ नये याची योजना करणे आणि शहरासाठी मलनिस्सारणाची संपूर्ण योजना तयार करणे.

एका अहवालाच्या दोन बाजू

त्यांनी शहराच्या वरच्या बाजूची पाहणी केली, पावसाच्या नोंदी मिळवल्या, फुटलेल्या तलावांचा हिशेब मांडला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पुराबद्दलचा अहवाल दिला. नदीला शहरात भिंती घालून हा प्रश्न सुटणार नाही, पाणी शहराच्या वरच अडवले पाहिजे, हा त्याचा गाभा. मुसीवर एक आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर एक, असे दोन मोठे जलाशय त्यांनी सुचवले. तेच पुढे उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेट, आणि हिमायतसागर म्हणून उभे राहिले. पहिला १९२० साली पुरा झाला, दुसरा १९२७ साली. शहराला पुरापासून आडोसा मिळाला आणि प्यायला पाणीही मिळाले. गंडीपेटच्या पाण्याची गोडी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी कायम असे.

ही झाली दिसणारी बाजू. दुसरी बाजू अशी की, तोवर शहरातल्या मोऱ्यांचे पाणी उघड्या नाल्यांतून सरळ मुसीत जाई. मैला माणसांच्या हातांनी आणि डोक्यावरून वाहिला जाई. पावसाळ्यातली मुसी ही घाण वाहून नेई. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होई आणि घाण तिथेच साचे. आता वर दोन धरणे बांधली की मुसीचा पूर थांबणार, पण नदीला धुऊन काढणारे पाणीही कमी होणार. म्हणजे पुरापासून शहर वाचवण्याचा जो उपाय, त्यामुळेच नदी गटार होण्याचा धोका वाढत होता. आमच्या मते धरण आणि गटार ही दोन वेगळी कामे नव्हतीच. एक केले की दुसरे करणे भागच होते. ज्याला गंडीपेट हवे, त्याला भुयारी गटारही हवेच.

विश्वेश्वरय्यांच्या योजनेत मुसीच्या दोन्ही काठांनी मोठी गटारे होती. शहरातल्या गल्ल्यांमधून येणारी लहान गटारे नदीपर्यंत पोहोचण्याआधीच या मोठ्या गटारांना मिळायची, आणि सगळे मैलापाणी शहराच्या खालच्या अंगाला अंबरपेठकडे न्यायचे. नदीचे काठ मग मोकळे होणार होते. तिथे बागा आणि रुंद रस्ते करावेत अशीही त्यांची सूचना होती. पण काठाखालची वाट आधी झाली नाही, तर काठावरची बाग कुणाच्या उपयोगाची, हे त्यांना चांगलेच ठाऊक होते.

उताराचा हिशेब

भुयारी गटार म्हणजे नुसता पुरलेला पाइप, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते फार बारकाईचे काम आहे. पाणीपुरवठ्याचा नळ दाबाने वाहतो, म्हणून तो चढावरही जातो. गटार वाहते ते फक्त उतारामुळे. उतार कमी पडला तर पाणी पुढे सरकते आणि घाण मागे बसते, पांझरेतल्या वाळूसारखी. उतार जास्त झाला तर पाइप झिजतो आणि खोदाई विनाकारण वाढते. मैला तळाशी न बसता पाण्याबरोबर पुढे जावा, यासाठी वेग सेकंदाला साधारण ०.६ ते ०.८ मीटर हवा. पूर्वीचे अभियंते हाच हिशेब फुटांत करत : सेकंदाला दोन-अडीच फूट.

आता हा उतार जमिनीत उतरवून पाहा. २०० फुटांना १ फूट असा उतार धरला, तर एक किलोमीटरवर पाइप पाच मीटर खाली जातो. सपाट शहरात थोड्याच अंतरात गटार इतके खोल जाते की पुढे खणणे परवडत नाही. तिथे विहिरीसारखा खड्डा करून मैलापाणी पंपाने वर उचलावे लागते आणि पुन्हा उताराला लावावे लागते. मुंबईला समुद्रसपाटीच्या जमिनीमुळे हे एकोणिसाव्या शतकातच करावे लागले. वरळीचे लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशन त्याच कामाचे.

हैदराबादला मात्र नशिबाने उतार होता. आपले शहर खडकाळ आहे, चढउतारांचे आहे आणि जुन्या शहराची जमीन दोन्ही बाजूंनी मुसीकडे उतरते. खडक फोडणे महाग, पण पाणी आपल्या पायाने चालत जाणार, पंप चालवण्याचा रोजचा खर्च नाही आणि बंद पडण्याची भीती नाही. सक्करला जशी वाळूकडून गाळणी करून घेतली, तशी इथे जमिनीच्या उताराकडून वाहतूक करून घेतली.

म्हैसूर आणि पुन्हा हैदराबाद

नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले. कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. १९१२ ते १९१८ ही सहा वर्षे ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ ही त्या काळातली कामे. १९१५ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. हा भाग सगळ्या चरित्रांत विस्ताराने येतो, म्हणून आम्ही तो इथेच सोडतो.

हैदराबादेत १९११ साली प्लेगने थैमान घातले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि १९१२ साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. दाटीच्या वस्त्या मोकळ्या करणे, रस्ते रुंद करणे, नवी घरे बांधणे ही कामे सुरू झाली. नदीच्या काठावर हायकोर्ट आणि उस्मानिया हॉस्पिटलच्या देखण्या इमारती समोरासमोर उभ्या राहिल्या. जलाशयही झाले. मागे राहिली ती गटारे. कुठल्याही राज्यात असेच होते. धरणाचे उद्घाटन होते, इमारतीवर शिलालेख लागतो. पुरलेल्या पाइपावर कुणाचे नाव कोरणार?

१९२२ साली निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पुन्हा बोलावले. साठी ओलांडलेला माणूस, एका मोठ्या संस्थानचा माजी दिवाण, 'सर' ही पदवी मिळालेला. तेरा वर्षांपूर्वीची गटारांची योजना पुरी करायला तो परत आला. सल्ला देण्यासारखी मानाची कामे त्यांच्याकडे कमी नव्हती. तरी हे अर्धवट राहिलेले काम त्यांनी हलके मानले नाही. आम्हाला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

योजनेची कामे मार्गी लागली आणि १९३१ पर्यंत शहरात भुयारी गटारांची व्यवस्था उभी राहिली. क्षेत्र ५४ चौरस किलोमीटर आणि हिशेब ४ लाख ६८ हजार लोकसंख्येचा. त्या वेळी देशातल्या फार थोड्या शहरांत अशी सोय होती.

उतार संपतो तिथे

आज हैदराबादची लोकसंख्या कोटीच्या घरात आहे. शहर त्या ५४ चौरस किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे पसरले. नव्या वसाहती खोलगट जागी झाल्या, जुन्या तलावांच्या पोटात झाल्या, तळघरांवर दहा-दहा मजले चढले. तिथे विश्वेश्वरय्यांचा उतार नाही. अंबरपेठला आता दिवसाला ३३९ दशलक्ष लिटरचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे, पण सगळ्या शहराचे पाणी काही तिथे पोहोचत नाही. जे पोहोचत नाही ते मुसीत जाते आणि चादरघाटच्या पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो.

उतार नसला की पंप लागतो. मैलापाण्याचा पंप हा विहिरीच्या पंपापेक्षा वेगळा असतो, हे आमच्या मंडळींना मागच्या पावसाळ्यात चांगलेच कळले. आमच्यापैकी एकाच्या अपार्टमेंटमध्ये तळघरातल्या संपचा पंप अडकला. पाणी गाड्यांच्या चाकांना लागले. बोलावलेल्या माणसाने उपाय सांगितला : दोन पोरांना आत उतरवतो, हाताने काढून देतील, रोख द्या. सोसायटीतले एक-दोघे तयारही झाले होते. पण आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी ठाम नकार दिला. बंद संपमध्ये सडलेल्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. पहिला वायू जास्त झाला की वास येणेही बंद होते आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ३० लाख रुपये केली. तरी देशात माणसे उतरवली जातात आणि मरतात.

शेवटी सक्शनची गाडी मागवली, पाणी उपसले आणि पंप साखळीने वर ओढला. त्याच्या फिरत्या चक्राला, म्हणजे इम्पेलरला, साडीच्या फॉलची पट्टी, केस आणि ओल्या टिशूंचा पीळ बसला होता. काकांच्या सांगण्यावरून सोसायटीने मग कटर असलेला सबमर्सिबल पंप घेतला.

त्याचे काम समजायला सोपे आहे. पंप आणि मोटर एकाच बंद कवचात असतात आणि ते संपच्या पाण्यात बुडालेले राहते. भोवतालचे पाणी मोटर थंड ठेवते. मोटरकडे पाणी जाऊ नये म्हणून दांड्यावर दोन सील असतात आणि मध्ये तेल भरलेला कप्पा. इम्पेलरच्या धारेवर टंगस्टन कार्बाइडसारखा कठीण पदार्थ बसवलेला असतो आणि ती धार तळाच्या स्थिर चकतीच्या अगदी जवळून फिरते. कापड, केस, प्लास्टिकची पट्टी आत आली की या दोन धारांत कात्रीसारखी कापली जाते आणि गुंडाळण्याआधीच पाण्याबरोबर पुढे जाते. पाणी चढले की तरंगता स्विच पंप सुरू करतो, उतरले की बंद करतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पंप दोन उभ्या दांड्यांवरून खाली सोडता येतो. तो आपल्या वजनाने तळाच्या जोडावर बसतो आणि दुरुस्तीला साखळीने वर येतो. नट-बोल्ट सोडायला कुणी खाली उतरायचे नाही.

हा पंप जादू करत नाही. धार झिजते, ठरावीक काळाने दोन चकत्यांमधली फट तपासावी लागते, दगड किंवा लोखंडाचा तुकडा गेला तर धार तुटते. कापलेले प्लास्टिक नाहीसे होत नाही, ते पुढे शुद्धीकरण केंद्रात जाऊन पडते. म्हणून सॅनिटरी पॅड, डायपर, कापड संडासात टाकू नये, ही पहिली खबरदारी आपल्याच हातात आहे.

अखेरची वर्षे

विश्वेश्वरय्या पुढेही थांबले नाहीत. अनेक संस्थानांना आणि नगरपालिकांना त्यांनी पाणी, निचरा आणि उद्योग यांबद्दल सल्ला दिला, पुस्तके लिहिली, १९५१ साली आपल्या कामाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. वयाची शंभरी गाठलेली त्यांनी स्वतः पाहिली आणि त्या निमित्ताने १९६० साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. एप्रिल १९६२ मध्ये बंगळुरूत त्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळीला त्यांचे स्मारक आहे.

त्यांनी कटर पंप पाहिला असण्याचा प्रश्न नाही आणि त्यांच्या हैदराबादला त्याची गरजही नव्हती. पण त्यांच्या योजनेमागचा हेतू आणि या पंपामागचा हेतू एकच आहे. मैला पाण्याने वाहून न्यावा, माणसाने नव्हे. त्यांनी ते उतारावर साधले. जिथे उतार नाही, तिथे आपण ते यंत्राने साधायला हवे, आणि यंत्र अडकले तर दोन पोरे उतरवण्याचा स्वस्त मार्ग कधीच धरू नये.

यंदा १५ सप्टेंबरला अभिवादनाचा निरोप जरूर पाठवा. त्याबरोबर एक काम करा. आपल्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत विचारा की आपल्या संपमध्ये कोणता पंप आहे, तो वर काढायला साखळी आणि दांडे आहेत का, आणि तो अडकला तर कुणाला बोलवायचे हे ठरले आहे का. मागच्या वर्षी ज्याला आम्ही खाली उतरू दिले नाही, तो विशीतला मुलगा आमच्या गेटवर अजून दिसतो. आता तो सक्शनच्या गाडीवर काम करतो आणि आम्हाला पाहून हात वर करतो.